बाराखांबीच्या चित्राखाली सही

"तुझ्या फाईलमधल्या एकाही चित्रावर सही नाही. कॉलेजसारखंच, सगळं अर्धं," अश्विनी फोनवर म्हणाली आणि माझं डोकंच फिरलं. ती अंबाजोगाईला नर्सिंग शिकते; मी तिला लग्नाचं विचारलंय, उत्तर अजून यायचंय. मी बीडला, शिक्षण सोडून जुन्या इमारती जलरंगात रंगवतो. चित्र पुरं झाल्याशिवाय सही करायची नाही, हा नियम माझाच. म्हणलं, "उद्या दुपारी बाराखांबीला ये. सही दाखवतो."

"नसली तर?"

"तर परत फोन करणार न्हाई."

बोलून बसलो! पहाटेची एसटी धरली. मांजरसुंब्याला गाडी थांबली तर रबडी जरूर खा. मी मात्र गाडीतून उतरलोच नाही. केजमार्गे अंबाजोगाई, स्टँडवरून रिक्षा. गावाच्या कडेला हे बाराखांबी मंदिर, काळ्या दगडाच्या कोरीव खांबांचं. मला तरी कुणी तिकीट विचारलं नाही. चित्र काढणार असाल तर सकाळीच पोचा, पाणी भरपूर न्या आणि कागदाखाली ओलं बारदान अंथरा. आपल्याकडच्या उन्हात रंगाचा हात कडेला पोचेस्तोवर मागचं वाळून जातं.

जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत, कागदच कोरा सोडतात. खांबावरचं ऊन मी तसंच जपून कोरं ठेवलं होतं. तेवढ्यात मोटारसायकलवरून दोघं आले.

"काय करायलास बे?"

"दिसत न्हाई का?"

"मोबाईलवर एका टिचकीत निघतंय की! काहून घाम गाळायलास?"

मी ब्रशासकट गर्रकन वळलो. काळा थेंब नेमका त्या कोऱ्या उन्हावर पडला.

आजवर असं काही बिघडलं की चित्र सोडत आलो. बीडच्या कंकालेश्वर मंदिराचं पाण्यातलं प्रतिबिंब फिसकटलं, सोडलं. धारूरच्या किल्ल्याचा बुरूज वाकडा आला, सोडलं. आताही फाडायला कोपरा चिमटीत धरला होता. पण मग दाखवणार काय? ब्रश परत बुडवला.

दोघं तिथंच बसून बघत राहिले. बऱ्याच वेळानं एक जण हळूच म्हणाला, "भाऊ, त्यो कडंचा खांब ऱ्हायला."

"तिकडंच चाललोय!"

अश्विनी युनिफॉर्मवरच आली. वाकून बघितलं. "हा डाग?"

"राग आलता."

"दिसतोय. सही कर."

"डागासकट?"

"बिनडागाचा तू मला कधी दिसलास?"

मी खाली कोपऱ्यात नाव लिहिलं. तिनं फोटो काढला आणि ड्युटीला निघाली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. जाता जाता एवढंच, "धारूरचा किल्ला अजून अर्धाच आहे ना?"

घरी आलो तेव्हा वडिलांनी चित्र लांब धरून आधी खालचं नाव वाचलं आणि परत दिलं. मी फाईल उघडली. धारूर लांब, म्हणून आधी गावातला कंकालेश्वर फळीवर लावलाय, खाली ओलं बारदान. फोन शेजारीच आहे. करणार मीच, पण सही झाल्यावर.