काकीची रदबदली

माझ्यावर कॉपीचा आळ आला तो शेजारच्या काकीमुळे. काकीवर मी तेव्हाही रागावले नाही, आजही नाही. राग आहे तो त्या कंपनीवर, आणि तो अजून उतरलेला नाही.

झालं असं. गोव्यात साखळी गावातल्या एका छोट्या ऑफिसात मी चार वर्षं खाणीच्या ट्रकांच्या फेऱ्या नोंदवणारा प्रोग्रॅम सांभाळत होते. खाणी बंद होऊन ट्रक थांबले तसं ऑफिसही बंद पडलं. मग पर्वरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत जागा निघाली. ती मिळाली तर रोज आमच्या सर्वण गावाहून बसने जाऊन-येऊन करता येणार होतं, नाही तर पुण्याला खोली घेऊन राहणं आलं. मला घर सोडायचं नव्हतं. उगीच कशाला लपवू?

मुलाखतीआधी घरून द्यायची चाचणी होती. दीड तास, कॅमेरा चालू, माईक चालू, कुणाशी बोलायचं नाही. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून मी जनेल लावलं, दार लावलं. पण आमच्याकडे लावलेलं दार बघून कुणी मागे फिरत नाही, ढकलून आत येतात. तिसऱ्या प्रश्नावर होते तोच काकी खतखत्याचं वाडगं घेऊन आत. "जेवलें गो?"

मी तोंड मिटून हातानेच 'जा, जा' केलं. तिने माझं कावरंबावरं तोंड पाहिलं, कॅमेऱ्याचा दिवा पाहिला, आणि तिला वाटलं, पलीकडचा साहेब मला झापतोय. आमच्यात मुलीचं कुठे अडलं की मोठं माणूस पुढे होऊन चार शब्द टाकतं, मग पंचायत असो की बँक. काकी पदर सारखा करून कॅमेऱ्यापुढे वाकली. "सायबा, आमचें चेडूं हुशार आसा. वाड्यावयल्या सगळ्यांचे फॉर्म तेंच भरता. ताका नोकरी दिया हां." वाडगं ठेवलं आणि गेली. मी चाचणी पुरी केली.

तिसऱ्या दिवशी ईमेल आला. दुसऱ्या व्यक्तीची मदत घेतल्याचं आढळलं, म्हणून अपात्र.

मदत! काकीची! माझं डोकंच फिरलं. सकाळची बस पकडून सरळ पर्वरी गाठली. रिसेप्शनवरच्या मुलीला सांगितलं, साहेबांना भेटल्याशिवाय मी इथून हलणार नाही. अर्ध्या तासाने मुलाखत घेणारा साहेब बाहेर आला.

"तुम्ही ते रेकॉर्डिंग ऐकलंत का?"

"ते सिस्टीम आपोआप ठरवते, मॅडम."

"मग आता ऐका."

काकीचा आवाज त्या काचेच्या खोलीत घुमला. साहेब हसायला लागला.

"हसताय काय? या बाईने मला कोडिंग सांगितलं असं वाटलं तुम्हाला?"

तो ओशाळला. एक बिघडलेला प्रोग्रॅम समोर ठेवून म्हणाला, बसा, दुरुस्त करून दाखवा. पाऊण तासात केला, आणि का बिघडला होता तेही फळ्यावर लिहून समजावलं. चाचणी घ्यायचीच तर अशी घ्या ना! "सोमवारपासून या," तो म्हणाला. मला रडूच येणार होतं.

तेवढ्यात एचआरच्या बाई कागद घेऊन आल्या. त्यावर छापलं होतं की चाचणीत मी बाहेरची मदत घेतली, त्याची मला खंत आहे, पुन्हा तसं करणार नाही.

"सिस्टीममधला शेरा काढता येत नाही," बाई म्हणाल्या. "यावर सही केली की विषय संपला. फॉर्मॅलिटी हो नुसती."

"मी मदत घेतलीच नाही, तर सही कसली?"

"नोकरी हवीय ना तुम्हाला?" साहेबाने हळूच विचारलं.

हवी होती. इतकी हवी होती की मी पेन हातात घेतलं. कागद पुन्हा एकदा वाचला आणि पेन टेबलावर ठेवलं. "माझ्या कोडमध्ये चूक दाखवा, दहादा कबूल करीन. हे खोटं आहे. हे मी मरेन पण कबूल करणार नाही." कागद बाईंकडे सरकवला आणि बाहेर पडले.

संध्याकाळी काकी अंगणात वाट बघत उभी होती. आईने तिला ईमेलचं सगळं सांगून टाकलं होतं. "माज्याखातीर गेली मगो तुजी नोकरी?" तिचे डोळे सुजले होते.

"नाय गो काकी. तुझं ऐकलं आणि या म्हणाले ते. मीच नको म्हटलं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मग आत गेले आणि पुण्यासाठी बॅग भरायला घेतली.