विलासचा न काढलेला स्कॅन

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी साकीनाक्याच्या ऑफिसात पाहुण्यांना पडद्यावर एक मेंदू दाखवत होतो. फोन त्याच्या बायकोचा, सुजातावहिनींचा. “भाऊजी, गेले हो ते...” एवढंच. मी बाहेर जाऊन दोन मिनिटं भिंतीला टेकलो, परत आलो आणि उरलेला मेंदू दाखवून संपवला. दीड महिना झाला, पण हे आधी कबूल केल्याशिवाय त्याच्याबद्दल लिहवत नाही.

विलास भांडुपचा, माझ्याच वर्गातला. मुलुंडच्या एका सेंटरमध्ये एमआरआय काढायचा. मशीनच्या धडधडाटाने घाबरलेल्या म्हाताऱ्यांना माईकवरून सांगायचा, “आजी, गणपतीचे ढोल समजा, फक्त नाचू नका!” माझं काम उलटं. जो स्कॅन काढलाच नाही, तो काढलेल्या स्कॅनवरून कॉम्प्युटरने बनवायचा. हजारो पेशंटांची चित्रं पाहून तो हे शिकतो... शिरेत औषध टोचल्यावर गाठ उजळून जे चित्र दिसतं, ते न टोचताच तयार करतो. विलास हसायचा. “मेल्या, तुझं मशीन फोटो काढत नाय, नुसता अंदाज मारतं.”

गेल्या वर्षी त्याला बोलता बोलता शब्द सापडेनासे झाले. साध्या स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला धूसर डाग दिसला. औषध टोचून पुन्हा बघायला हवं होतं, पण मधुमेहाने किडन्या खराब झालेल्या, आणि अशा पेशंटला ते औषध धोक्याचं. आधी किडनीच्या डॉक्टरांना विचारून या, असं त्याला सांगितलं. तिकडे जायच्या ऐवजी तो सीडी घेऊन माझ्याकडे आला. “तुझ्या मशीनला विचार ना रे.” आमचं काम अजून चाचणीत होतं, खऱ्या पेशंटसाठी वापरायचं नव्हतं. तरी मी केलं. चित्र सुरेख आलं. डाग कुठेच उजळला नव्हता. “एकदम क्लीन आहे यार,” मी म्हणालो, जरा फुशारकीनेच. माझा खांदा धरून तो रडला. किडनीच्या डॉक्टरांकडे गेलाच नाही.

चार महिन्यांनी उजवा हात लुळा पडला, तेव्हा धोका पत्करून खरं औषध टोचलं. लिंबाएवढी गाठ पांढरीशुभ्र चमकत होती. “तेव्हाच आला असतात तर काढता आली असती,” सर्जन म्हणाले. आमच्या मशीनने जास्त करून निरोगी डोकीच पाहिलेली. जिथे त्याला कळलं नाही, तिथे त्याने निरोगी मेंदू भरून दिला होता.

शेवटच्या भेटीत विलासने दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली. आयुष्यभर हेच करत आलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती. शब्द गोळा करत म्हणाला, “तुझा... फोटो... जास्त झकास.” मग, “सुजाताला... सांगू नको.” मी मान हलवली. आणि मला हलकं वाटलं... त्याची लाज अजून जात नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. दाराशी स्टुलावर स्टीलची ताटली आहे. मशीनच्या खोलीत धातूचं काही न्यायचं नाही, या सवयीने तो घरी आल्यावरही घड्याळ, किल्ल्या, सुट्टे पैसे त्यात काढून ठेवायचा. घड्याळ अजून तिथेच होतं, चालू. वहिनींनी पोहे पुढे ठेवले. “तुमच्या त्या चित्रामुळे चार महिने तरी निश्चिंत होते ते. तुमचे उपकार आहेत, भाऊजी.” मी पोहे खाल्ले. सगळे.

वहिनी पेपरची ही पुरवणी दर रविवारी वाचतात. खरं काय ते त्यांना आज, तुमच्याबरोबरच कळेल.