काट्यावरचा बदली प्रिंटर

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरणारा माणूस मी. बिघाड झाला की कारण सापडतंच, हे शिकलेला. पण हे एक कारण काही सापडलेलं नाही... म्हणून लिहितोय.

तेव्हा आमच्या डिचोलीत खाणी जोरात होत्या. मी मयेहून स्कूटरने एका खाण कंपनीच्या ऑफिसात जायचो. ऑफिसपासून दोनेक किलोमीटर खाली, खाणीच्या तोंडाशी, वजनकाट्याची केबिन. तिथे वासुदेवबाब बसायचे. आमच्याच गावचे, कंपनीत सगळ्यांत जुने. त्यांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दिवसभर घर्रर्र घर्रर्र करत ट्रकच्या चिठ्ठ्या काढायचा. लाल धूळ आत जाऊ नये म्हणून त्यांच्या बायकोने जुन्या साडीचा झगा शिवला होता त्याला! मी खाली गेलो की बाब उंड्यात, म्हणजे आमच्याकडच्या गोल पावात, डब्यातली भाजी भरून अर्धा माझ्या हातात ठेवायचे. हात लाल, उंडोही लाल... तशी चव पुन्हा लागली नाही.

ऑफिसात नेटवर्क आलं. एक प्रिंटर बंद पडला तर त्याचं काम आपोआप कुठल्या प्रिंटरने करायचं, ती यादी बनवणं माझ्याकडे आलं. काट्याच्या प्रिंटरला बदली म्हणून मी ऑफिसातला लेझर लावला. बाब हसले.

"तुजो लेझर बरो रे, पूण कागद खंय येता तें पळय. वाचपी मनीस थंय आसूंक जाय."

कागद निघेल तिथे तो वाचणारा माणूस हवा, असं त्यांचं म्हणणं. मी मान डोलावली आणि यादी तशीच ठेवली.

त्या पावसाळ्यात बाब गेले. झोपेतच. त्यांच्या जागी दोडामार्गचा मनोहर आला, सोबत नवा प्रिंटर. जुना टेबलाखाली गेला. सर्व्हरवरून त्याचं नाव मी स्वतः पुसलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. सुरुंग रोज एक वाजता उडवायचे. त्या दिवशी ऐन वेळी साडेबारा ठरले. केबिनचा फोन सकाळपासून बंद. भोंगा व्हायचा, पण ट्रकच्या घरघरीत तो ऐकू जाईलच असं नसे. मी नोटीस टाइप केली - 'सुरुंग साडेबाराला, आता ट्रक खाली सोडू नयेत' - आणि काट्याच्या प्रिंटरवर पाठवून जेवायला गेलो.

परत आलो तर स्क्रीनवर दिसलं - काट्याच्या प्रिंटरमध्ये कागद अडकलाय, काम बदली प्रिंटरकडे गेलंय. म्हणजे लेझरकडे... इथेच, माझ्या पाठीमागे! धावत लेझरपाशी गेलो. ट्रे रिकामा.

स्कूटर कशी हाणली ते मला आठवत नाही. केबिनपाशी पोचलो तर ट्रकांची रांग उभी, ड्रायव्हर खाली उतरून विड्या ओढतायत. तेवढ्यात जमीन हादरली. खालच्या वळणावर, जिथे ट्रक असते तिथे, दगडांचा पाऊस पडला.

मनोहरच्या हातात कडेला भोकं असलेला लांब कागद.

"साहेब, तुमचो कागद गावलो. लगेच गाडये थांबयले."

"कुठून निघाला हा?"

"ह्यो काय, जुन्यातून. मेलो एकदम घरघरूक लागलो."

मी वाकून पाहिलं. टेबलाखालच्या प्रिंटरची वायर गुंडाळून वर ठेवलेली. रिबन वाळून कडक. हात लावला... कोमट होता.

सर्व्हरच्या नोंदीत त्या कामापुढे प्रिंटरचं नाव होतं 'काटा जुना'. मी पुसलेलं.

त्याच संध्याकाळी यादी बदलली. काट्याला बदली म्हणून केबिनमध्येच दुसरा प्रिंटर बसवला. मग मयेला वासुदेवबाबांच्या घरी गेलो. त्यांच्या बायको, आमच्या काकी, तुळशीपाशी वाती करत होत्या. सगळं सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढंच विचारलं,

"कागद सरळ आयिल्लो मू रे? वांकडो ताका खपनाशिल्लो."

"सरळ होता, काकी."

त्यांनी मान हलवली आणि पुढची वात वळायला घेतली.

तो प्रिंटर कोमट का होता, कुणी सांगेल? मला अजून कळलेलं नाही.