वर माणूस झोपलंय

आमच्या वसाहतीत ज्याच्या घरी रात्रपाळीचा माणूस असतो, त्याच्या दाराच्या कडीला दिवसा फडकं बांधलेलं असतं. जुना नॅपकिन, ओढणीचा तुकडा, काहीही. ते दिसलं की कुणी बेल वाजवत नाही, मुलं त्या जिन्यात चेंडू आपटत नाहीत. ही पद्धत कुणी पाडली माहीत नाही. लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हापासून पाहते आहे. माझा नवरा चाकणच्या एका कंपनीत होता. त्याच्या रात्रपाळीच्या आठवड्यात मीही बांधायचे.

तो मागच्या हिवाळ्यात गेला. घरीच, खुर्चीत बसल्या बसल्या, चहा होईपर्यंत. मग माणसं येत राहिली. जो तो उठताना हेच म्हणायचा, की हाल झाले नाहीत, त्यातच समाधान मानायचं. ज्यांची माणसं घरी धडधाकट होती त्यांनी सांगायचं आणि मी मान डोलवायची. समाधान या शब्दाचाच मला वीट आला.

एका दुपारी ग्रंथालयातल्या कामावरून आले आणि त्याचा नॅपकिन कडीला बांधून, आतून दार लावून वाचत बसले. थोड्या वेळाने शेजारच्या इमारतीतल्या बायका जिना चढून आल्या. दारापाशी थांबल्या.

"परिणाम झालाय बिचारीच्या डोक्यावर," एक म्हणाली.

"चला, नंतर येऊ."

त्या नंतर आल्या नाहीत. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही बांधलं, मग रोजच.

तळमजल्यावर नुकतंच एक कुटुंब राहायला आलं होतं, परभणीकडचं. नवरा चाकणजवळ निघोज्याच्या एका कंपनीत, बायको बाळंतीण. आई नसल्यामुळे तिचं बाळंतपण इथेच झालं होतं. मूल लहान, त्यामुळे तिची अजून कुणाशी ओळख नव्हती. पहिल्या मजल्यावरचं माझं दार तिला येता-जाता जिन्यातून दिसायचं, एवढंच.

तिचा आवाज मी पहिल्यांदा खिडकीतून ऐकला. भाजीचा टेम्पो भोंगा लावून आला होता.

"ए भाऊ, बंद कर ते. वर माणूस झोपलंय."

"सगळ्या वसाहतीला रात्रपाळीच असती का, मावशी?"

"मावशी कुणाला म्हणायलास? माणसं रात्रभर मरमर मरतेत, अन् दिवसा तू उठवायलास. जा, मेथी तिकडं कोपऱ्यावर वीक."

भोंगा बंद झाला. मी पुस्तक मांडीवर तसंच ठेवून बसले.

पुढे ती जिन्यात भेटली. कडेवर मुलगी.

"ताई, हिच्या रडण्यानं दाजींची झोप मोडती का हो?"

"नाही."

"बरंय. आमच्यांचं तर झोपेत बी हात चालतेत, नट आवळल्यावानी. मीच लांब झोपते."

मी हसले. खरं सांगायला तोंड उघडलं नाही. कितीतरी दिवसांत कुणी त्याच्या झोपेची चौकशी केली नव्हती. त्यानंतर दुपारी जिना शांत असायचा, टेम्पो कोपऱ्यावर थांबायचा, आणि आतल्या खोलीत कुणीतरी कुशीवर वळून झोपलंय असं धरून मी पानं उलटत असे. त्या दिवसांत मला जे मिळालं त्याला समाधानच म्हणावं लागेल. ते एका परक्या बाईच्या गैरसमजातून मिळालं, हे लिहिताना तोंड कडू होतं.

मग एकदा दारावर नखाने वाजवल्यासारखं झालं. तीच होती.

"ताई, दाजींना पहिली पाळी कधी लागायची?"

"का गं?"

"बारसं राहिलंय हिचं. पाळणा म्हणायला बाया येतेन, गलका होईल. म्हणलं फडकं उतरलं की करू. तर उतरंनाच. पोरगी अजून बिननावाची हाय. सासूबाई फोनवर बोलतेत, शहरात जाऊन रीत इसरलीस का म्हणून." मग लाजत म्हणाली, "कानात नाव तुम्हीच सांगा. आत्या न्हाई तिला. मावशी तर मावशी."

आता गप्प राहणं शक्य नव्हतं.

"तो नाही आता. हिवाळ्यातच वारला."

तिनं कडीकडे पाहिलं. "मंग आत झोपलंय कोण?"

"कुणी नाही."

तिनं फडक्याला बोट लावून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मी लेकराच्या तोंडावर पदर धरला, ताई. रडायली की धरायचे."

ती वळली, दोन पायऱ्या उतरून थांबली.

"ते कानात नाव सांगायचं म्हणले होते... सासूबाई जुन्या वळणाच्या हायेत. वाईट वाटून घेऊ नका."

"नाही वाटत," मी म्हणाले. वाटलं. अजूनही वाटतं.

फडकं मी लगेच सोडून टाकलं. त्या रविवारी बारसं झालं, तिच्या सासूबाई गावाहून आल्या होत्या. मला बोलावणं नव्हतं. खाली बायका पाळणा म्हणत होत्या. सूर चढत चालला होता आणि आता कुणीच कुणाला हळू म्हणत नव्हतं. मी खिडकीत उभी होते, पण नाव काही ऐकू आलं नाही. नाव सांगणारीच्या पाठीत बसणाऱ्या धपाट्यांचा आणि हसण्याचा नुसता आवाज आला.

संध्याकाळी ती वाटीभर घुगऱ्या घेऊन वर आली. खांद्यावर मुलगी भोकाड पसरून रडत होती.

"घ्या. गार होतेन."

"आत ये ना."

"न्हाई. सासूबाई वाट बघायल्यात."

मी मुलीचं नाव विचारलं. तिनं सांगितलं, पण त्या रडण्यात मला ते नीट कळलं नाही. "काय?" म्हटलं, तर ती पुन्हा, मोठ्यानं म्हणाली. मुलीला गप्प करायला तिचा हात पदराकडे गेला नाही. ती खाली उतरून गेल्यावरही ते रडणं वर येत होतं. ते थांबेपर्यंत मी दार लावलं नाही.