अर्धवहिनीचे साठ चौकोन

साबणाची वडी घरात आली की अर्धवहिनी आधी सुरीनं तिचे दोन तुकडे करायची. अख्खी वडी ओल्या बशीत पडून नुसती विरघळते, अर्धी मात्र हातात मावते आणि शेवटच्या पापुद्र्यापर्यंत पुरते, असं तिचं म्हणणं. ते खरंही आहे, कुणीही करून बघावं. भांड्यांची घासणी अर्धी, पायपुसणं म्हणजे जुना टॉवेल अर्धा, संध्याकाळी दोन खोल्यांपैकी दिवा एकाच खोलीत. म्हणून शेजारच्या बायकांनी तिला हे नाव ठेवलं. त्यांना वाटलं, बाई चिडेल. ती म्हणाली, "चला, निदान नाव तरी अख्खं दिलंत."

ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या शिवणखोलीत कामाला होती. दिवसभर उसवलेले गाऊन आणि फाटक्या चादरी. चादर नेहमी मधोमध विरते, कडा तशाच धडधाकट राहतात. अर्धवहिनी अशी चादर उभी टरकन फाडायची, कडेच्या बाजू मध्ये घेऊन जोडायची आणि विरलेला भाग दोन्हीकडे गादीखाली खोचला जाईल असा ठेवायची. झाली चादर आणखी तीन वर्षांची! घरात नवऱ्याच्या शर्टाची कॉलर झिजली की ती उसवून, उलटी करून पुन्हा लावायची. तो शर्ट घालून तो लग्नाकार्यात मिरवायचा आणि लोक विचारायचे, नवा का?

आता याला कंजूषपणा म्हणणारे खुशाल म्हणोत. कंजूष माणूस दुसऱ्याच्या ताटातलं वाचवतो. हिच्याकडे आलेल्याला चहा काठोकाठ मिळायचा आणि रात्रपाळीच्या वॉचमनच्या मुलीला हिनं शिवून दिलेला फ्रॉक अख्ख्या, कोऱ्या कापडाचा होता. जे कापायचं ते आपल्यातलं, हा तिचा हिशेब. आणि कापण्यामागे कारण होतं.

कारण म्हणजे तिचा नवरा. उंच, सावकाश चालणारा, चार शब्दांत काम भागत असेल तर पाचवा न खर्चणारा. फरशीच्या कारखान्यात दगड कापायच्या यंत्रावर तो कामाला होता. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या पापण्या पांढऱ्या असायच्या. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याला खोकला लागला आणि तो काही केल्या हटेना, तेव्हा तिनं त्याला दंडाला धरून आपल्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंसमोर उभं केलं. बाईंनी छातीचा फोटो दिव्यावर धरला आणि म्हणाल्या, "अजून काही बिघडलेलं नाही. पण ही दगडाची धूळ आत गेली की बाहेर येत नाही. मास्क लावा. आणि जितक्या लवकर त्या यंत्रापासून सुटाल तितकं बरं."

कारखान्यात साठाव्या वर्षी निवृत्ती. घरी परत येताना अर्धवहिनी वाटभर बोटांवर हिशेब करत होती. आल्या आल्या तिनं हॉस्पिटलातल्या एका रद्दी तक्त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर साठ चौकोन आखले आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

"हे काय?" नवऱ्यानं विचारलं.

"तुमची पाच वर्षं. पंचावन्नाला काम सोडायचं. घर महिनाभर चालेल इतके पैसे बाजूला पडले की एक चौकोन काळा करायचा. साठ झाले की तुम्ही सुटलात."

"आणि नाही झाले तर?"

"होतील. न व्हायला काय झालं?"

यातली गंमत तिला लगेच कळली होती. घर जितकं कमी पैशात चालेल तितका चौकोन स्वस्त. म्हणजे वाचवलेला प्रत्येक पैसा दोनदा कामाला येणार. मग काय विचारता! बाजारात ती भाव ऐकून मनातल्या मनात भागाकार करायची. "खुर्ची छान आहे हो, पण पाव चौकोन जाईल." गॅस पाच मिनिटं आधी बंद करून पातेलं जुन्या ब्लँकेटात गुंडाळायची, उरलेलं शिजणं आपोआप व्हायचं. भाजी बाजार उठता उठता आणायची. नवऱ्याचे केस ती कापायची, आणि तो तिच्या चपला शिवायचा, तेही इतक्या नेटानं की शिवणखोलीतल्या बायका आपल्याही चपला पाठवायच्या.

एक नियम मात्र तिनं पहिल्याच दिवशी केला होता. दोघांना एकेक जागा अशी, जिथं दुसऱ्यानं हात घालायचा नाही आणि विचारायचंही नाही. माणूस सगळ्या बाजूंनी शिवून टाकला तर गुदमरतो, हे तिला ठाऊक होतं. तिचा एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात चॉकलेटं असायची आणि ती रविवारी दुपारी एक खायची. तेही अर्धं नाही, अख्खं. त्याची हत्यारांची लोखंडी पेटी, पलंगाखाली.

पहिली सात वर्षं चौकोन रखडत भरले. चौदा फक्त. कधी त्याच्या आईचं आजारपण, कधी गळकं छत. मग हळूहळू घराला ती शिस्त अंगवळणी पडली, तिलाही पगारवाढ मिळाली, आणि गेल्या दोन वर्षांत महिन्याला एक चौकोन हमखास काळा व्हायला लागला. चौदाचे अडतीस झाले. कपाट उघडलं की ती आधी कागदाकडे बघायची, मग कपड्यांकडे.

तिची मोठी नणंद अधूनमधून यायची. जिभेला हाड नसलेली बाई, पण भावावर जीव. त्या दिवशीही आली, घरभर नजर फिरवली आणि कप उचलून म्हणाली, "चहा बाई कपभर देतेस. मला वाटलं, अर्धाच मिळेल."

"पाहुण्यांचं अर्धं नाही करत, ताई. घरच्यांचं करते."

"माझा भाऊ घरचाच की. त्याचं काय काय अर्धं केलंस?"

"केस," नवरा आतून म्हणाला. "महिन्यातून एकदा."

नणंद हसली, पण सोडणारी नव्हती. "तू गप रे! अगं, बायका सांगतात, सगळं घर तू तुझ्या एकटीच्या पगारात चालवतेस. मग ह्याचा पगार काय भिंतीत पुरतेस?"

"हो ना. म्हणून तर रंग देत नाही."

हसण्यावारी गेलं. पण जाताना नणंद दारात थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "त्याचा खोकला ऐकलास का? मागच्या वेळी असा नव्हता."

अर्धवहिनीनं ऐकला होता. रोज ऐकत होती. दुसऱ्याच दिवशी तिनं पुन्हा नवऱ्याचा दंड धरला.

डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो दिव्यावर धरला, मग जुना शेजारी धरला, आणि आळीपाळीनं दोन्हींकडे बघितलं.

"मास्क लावता ना?"

"रोज लावतो."

"आणि दर आठवड्याला नवा?"

"मिळतो," तो म्हणाला. "दर सोमवारी मिळतो."

बाई म्हणाल्या, "हे बघा, वेळ गेलेली नाही. जिना चढता, झोप लागते, सगळं ठीक. पण आता धूळ बंद. आजपासून."

"दोन वर्षं काढतो अजून," तो म्हणाला. "बावीसच राहिलेत."

"बावीस काय?"

"निदान एक वर्ष तरी?"

"तुम्ही भाजीचा भाव करताय का?" बाईंचा आवाज चढला.

अर्धवहिनीला पुढचं नीट ऐकूच आलं नाही. तिच्या डोक्यात एकच शब्द घोळत होता. नवा लावता का, असं विचारलं तर हा 'मिळतो' म्हणाला. 'लावतो' म्हणाला नाही. इतकी वर्षं एका माणसाबरोबर संसार केला की तो काय बोलला यापेक्षा काय बोलायचं टाळलं ते आधी ऐकू येतं. आणि मग तिला इलॅस्टिक आठवलं. दर दोन-तीन महिन्यांनी हा मास्क घेऊन यायचा, "इलॅस्टिक सैल झालंय गं, जरा शिवून दे." आणि ती द्यायची. वर शाबासकीही द्यायची, की बरं झालं, फेकला नाहीत. एका आठवड्याच्या मास्कचं इलॅस्टिक सैल होईल कसं? स्वतःला शिवणातली मास्तरीण समजते, आणि हे तिच्या डोक्यात आलं नाही!

घरी आल्यावर तिनं चपलाही काढल्या नाहीत. "पेटी उघडा."

"कुठली?"

"घरात दोन पेट्या आहेत का? नियम माझाच आहे, तो मीच मोडतेय. उघडा."

त्यानं पलंगाखालून पेटी ओढली. एका कोपऱ्यात चार पाने आणि हातोडी. बाकी सगळी पेटी, तळापासून झाकणापर्यंत, मास्क. प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढलेले, कोरे, दहा-दहाचे गठ्ठे करून रबरानं बांधलेले. रबरंसुद्धा भाजीच्या जुड्यांची. साडेतीनशेच्या वर असतील.

"अगं, नवा काढला की आठवड्यात जुना होतो," तो पेटीकडे बघत म्हणाला. "धुतला तर सहा-सहा महिने जातो. रंगाचं दुकान आहे ना नाक्यावरचं, तो सगळे घेणार आहे. मी विचारून ठेवलंय. तीन चौकोन होतात. शेवटी शेवटी तुला एकदम तीन काळे करून दाखवणार होतो." मग जरा थांबून म्हणाला, "चालतंय तोवर चालवायचं, असं तूच म्हणतेस ना?"

  ती पलंगावर बसली. दोरीवर वाळत घातलेला त्याचा मास्क काढून तिनं हातात घेतला. धुऊन धुऊन कापड इतकं विरलं होतं की पलीकडची खिडकी दिसत होती. कडेला तिचे स्वतःचे टाके. पांढऱ्या दोऱ्याचे, निळ्या दोऱ्याचे, आणि सगळ्यात वर मागच्याच महिन्यातले, हिरव्या दोऱ्याचे. सुबक होते टाके. तेच तिला सहन होईना.

"मूर्ख आहात तुम्ही," ती शेवटी म्हणाली.

"आहे."

"आणि मी दुप्पट. उद्यापासून कामावर जायचं नाही."

"आणि बावीस चौकोन?"

ती उठली, कपाट उघडून कागदासमोर उभी राहिली. वरच्या ओळी विस्कटलेल्या, काही चौकोन वेगवेगळ्या पेन्सिलींनी भरलेले, मध्ये महिनोन्‌महिने खाडे. त्यांच्याखालचे काळे चोवीस मात्र एकासारखे एक, सलग. ती बघत राहिली. मग नणंदेचं ते भिंतीत पुरण्याचं बोलणं तिला आठवलं आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, इकडे या. हे चोवीस कशाचे?"

"माझ्या पगाराचे."

"सगळ्या पगाराचे ना? मग दोन वर्षं आपण खाल्लं कशातून?"

 त्याच्या आधी तिच्याच तोंडून उत्तर आलं. "माझ्यातून! ताई म्हणत होत्या ते खरं आहे. नऊ वर्षांपूर्वी दोन पगारांशिवाय भागत नव्हतं, तेव्हा मी हे साठ आखले. घर मीच कापत कापत एका पगारात बसवलं, आणि माप पुन्हा घेतलंच नाही. तुम्ही दोन वर्षांपूर्वीच सुटला होतात. मी बसलेय चौकोन रंगवत!"

"पण तुझं काम सुटल्यावर?"

"ते अकरा वर्षांनी. आणि हे अडतीस महिने कुठे पळालेत? वर कारखान्यातले तुमचे फंडाचे पैसे मिळतील ते वेगळेच."

"महिनाभर आधी सांगावं लागतं कारखान्यात."

"रजा किती शिल्लक आहेत?"

तो जरा ओशाळला. "पाच महिन्यांच्या."

"म्हणजे रजासुद्धा साठवून ठेवल्यात!" ती म्हणाली, आणि मग दोघांनाही हसू फुटलं. त्याचं हसणं खोकल्यात अडकलं, तेव्हा तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि खोकला थांबेपर्यंत काढला नाही. त्या संध्याकाळी बिस्किटांचा डबा उघडला गेला. रविवार नव्हता. दोघांनी एकेक चॉकलेट खाल्लं, अख्खं.

दुसऱ्या दिवशी तिनं आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा घेतली. नवरा राजीनाम्याचा कागद द्यायला आत ऑफिसात गेला आणि ती मास्कांची पिशवी घेऊन कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिली. जेवणाच्या सुट्टीत दगड कापणारे सगळे बाहेर आले. पांढऱ्या पापण्यांचे चौदा-पंधरा जण. तिनं त्यांना ओळीत उभं केलं. शाळामास्तरीण परवडली.

"सोमवारचा मास्क कधीपर्यंत टिकतो?"

"बुधवारीच धुळीनं भरतो, वहिनी. पण पुढचा सोमवारीच."

"मग गुरुवारी हा लावायचा. प्रत्येकाला पंचवीस मिळतील, मोजून दिलेत. आणि जुना फेकायचा. धुवायचा नाही, शिवायचा नाही, साठवायचा नाही."

"तुम्ही फेकायला सांगताय?" त्यातला एक म्हातारा हसत म्हणाला. तिची कीर्ती तिथवर पोचलेली होती.

"मी सांगतेय. टाका त्या डब्यात, माझ्यासमोर."

एकेकानं टाकला. नवरा बाहेर आला तेव्हा तिनं त्याच्यापुढे हात केला. त्यानं खिशातून आपला तो विरलेला, तीन रंगांच्या टाक्यांचा मास्क काढून तिच्या हातावर ठेवला. ती तो घेऊन कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेली. तिथं क्षणभर थांबली. मग पर्समधून छोटी कात्री काढली, मागच्या महिन्यात लावलेलं इलॅस्टिक दोन्हीकडून कापून घेतलं, आणि मास्क डब्यात टाकला.

"अहो, काय बघताय?" इलॅस्टिक गुंडाळून पर्समध्ये टाकत ती म्हणाली. "चांगलं आहे अजून."