जपानी घोट

शहापुरातला माझा मेकॅनिक स्पेअर पार्ट नुसता हातात घेऊन ओरिजनल की डुप्लिकेट ते सांगतो. दारूला त्याने कधी हात लावलेला नाही, पण मोबाइलवर जपानी व्हिस्कीची एक जुनी जाहिरात मात्र तो रोज बघतो. तीत पिकल्या केसांचा हॉलिवूडचा नट एक घोट घेतो, खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बराच वेळ बघतो आणि जपानीत काहीतरी पुटपुटतो.

"काय म्हणतो रे तो?" मी एकदा विचारलं.

"म्हणतो, घाई नको," त्याने बेधडक सांगून टाकलं.

माझी गाडी तीन-तीन दिवस त्याच्याकडे का अडकून पडते, ते मला त्या दिवशी कळलं.

कोरा चहाही तो तसाच पितो. काचेचा ग्लास जरा फिरवायचा, घोट घ्यायचा आणि माहुलीच्या डोंगराकडे बघत बसायचं. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळू दे.

परवा कुठल्याशा कारखान्यात निघालेल्या जपानी साहेबाची गाडी नेमकी त्याच्या दारात बंद पडली. त्याने साबणाने हात धुतले, नवा ग्लास काढला, कोरा चहा साहेबाच्या हातात दिला आणि माझ्या कानाशी आला. "आता बघा गुर्जी."

साहेबाने घड्याळ बघितलं, चहा दोन घोटांत संपवला आणि बोटाने बॉनेट दाखवलं.

दहा मिनिटांत गाडी सुरू झाली. इतक्या झटपट काम करताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. धूळ खाली बसेपर्यंत तो गाडीच्या वाटेकडे बघत राहिला. मग रिकामा ग्लास उचलून म्हणाला, "ओरिजनल नाय, गुर्जी."