पाटलांच्या घरचा सोडेभात

डोंबिवलीतलं लग्न दुपारी आटोपलं आणि आईनं पिशवी उचलली. मावसबहिणीचं लग्न हे निमित्त होतं. आंबेजोगाईहून एवढ्या लांब येण्याचं खरं कारण ठाण्याजवळ बाळकुमला होतं, आणि त्याबद्दल आम्ही दोघंही बोलत नव्हतो. माझी धाकटी बहीण नंदा ठाण्यात नर्स होती. वर्षापूर्वी तिनं बाळकुमच्या किशोर पाटील या कोळ्यांच्या मुलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. आमच्याकडून कुणी गेलं नाही. तेव्हापासून आई तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"उभ्या उभ्या बघून येऊ," आई म्हणाली. "लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणीबी घ्यायचं नसतं. तूबी घेऊ नको."

आमच्याकडे ही रीत आहे खरी, पण आई रीतीच्या आडून राग काढत होती. अशी कोरडी भेट झाली असती तर नंदा आम्हाला कायमची तुटली असती. मला तीच धास्ती होती.

कल्याणहून भिवंडीमार्गे ठाण्याला जाणारी एस. टी. थेट बाळकुम नाक्यावर सोडते, असं लग्नघरी कुणीतरी सांगितलं होतं. भिवंडी मागे पडली, कशेळीचा पूल आला आणि खाली खाडी दिसली. दोन्ही काठांना चिखल, त्यात आडव्या पडलेल्या होड्या.

"ही नदी का समुद्र?" आईनं विचारलं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. पण पाणी समुद्राकडून आत वाहताना मी पहिल्यांदाच बघत होतो, त्यामुळे भरती-ओहोटीचा धडा समजावता समजावता मीच अडकलो. आईला काही कळलं नाही, मला त्याहून कमी कळलं, आणि तेवढ्यात बाळकुम नाका मागे गेला. कापूरबावडीला उतरून आम्ही उलट चालत आलो. आईनं वाटेत भूगोलाचं नाव काढलं नाही, हे तिचे उपकार.

तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, बाळकुम हे गावच होतं. भातशेतं, कौलारू घरं, अंगणात वाळत घातलेली जाळी. आमच्या बाजूला गावात पाटलाचं घर एकच असतं, शेंबडं पोरही दाखवतं. त्याच हिशेबानं मी पारावरच्या म्हाताऱ्याला ऐटीत विचारलं, "पाटलांचं घर कुठं आहे?"

"कंचा पाटील?" तो म्हणाला. "आख्खा गाव पाटलांचाच हाय."

"किशोर पाटील. कंपनीत आहेत."

"तीन किशोर हायेत. तिघंबी कंपनीत."

नर्स नंदाचं घर, असं म्हणणार होतो, तर आईनं दंडाला चिमटा काढला. गावभर बोभाटा नको होता तिला. मग आम्ही तीन गल्ल्या हिंडलो, एकाच विहिरीशी दोनदा आलो, आणि दिवेलागणीला आई एका ओट्यावर टेकली. तिथं एक ठसठशीत बाई सूप घेऊन सोडे (सोलून वाळवलेली कोळंबी) निवडत होती.

"कुठनं आलाव?" तिनं विचारलं.

"आंबेजोगाईहून," मी म्हणालो. "किशोर पाटलांचं घर शोधतोय."

तिचे हात जरासे थांबले. "बसा. माझा पोर येल आता कामावरशी. तो दावील तुम्हाला घर."

आईनं स्वतःहून पाणी मागितलं आणि तांब्या रिकामा केला. परक्याच्या घरी तिला रीत आड येत नव्हती. बाई म्हणाली, "सांजचे पावने उपाशी कसे धाडू? आत या गो बाय."

आत चुलीवर तिनं एक मोठा टोप (पातेलं) चढवला. तेलात लसूण, कांदा, मग लालभडक मसाला, भिजवलेले सोडे, बटाट्याच्या फोडी, धुतलेले तांदूळ, चार कोकमं आणि पाणी. वर ताटली झाकली. आमच्या आठवडी बाजारात सुकट येते, पण एवढे जाडजूड सोडे आईनं कधी पाहिले नव्हते. ती पुढे सरकून सरकून बघत होती.

"भाजी, वरण काहीच नाही?" तिनं न राहवून विचारलं.

"दिसभर बाजारात म्हावरं (मासे) इकून आल्यावर चार भांडी कोन चढवतंय? एक टोप, सगली घरची त्यातच जेवतान."

अर्ध्या तासात आमच्यापुढे वाफाळता भात आला. सोडे चिवट असतील असं वाटलं होतं, ते मऊ झाले होते. तिखटानं नाकातून पाणी आलं, तरी हात थांबेना. आई तर माझ्याही पुढे. तिनं दुसऱ्यांदा भात मागून घेतला, शिवाय टोपाच्या तळाची खरपुडीही मागितली. लेकीच्या गावात येऊन आई इतकी आनंदानं जेवतेय, तेही भलत्याच घरी, याचं मला वाईट वाटलं.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या आणि नंदा आत आली. मागे किशोर.

मला काही उमजेना. मी नंदाकडे बघितलं, मग त्या बाईकडे. ती शांतपणे म्हणाली, "तुझी आई जेवतंय. जेवू दे आधी."

आईचा घास हातातच राहिला. आता ही ताट सारून उठणार, असं मला वाटलं. आईनं घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि मान वर न करता म्हणाली, "बस गं. भात निवतोय."

नंदा तिच्या शेजारी बसली आणि रडू लागली. आई जेवत राहिली, पण डावा हात नंदाच्या पाठीवर होता.

हात धुवायला उठलो तेव्हा माझ्या पाठीमागची भिंत मला दिसली. तिथं नंदाचा नर्सच्या पोशाखातला फोटो होता. मी त्याला पाठ करून बसलो होतो. आई मात्र सारा वेळ समोर बसली होती.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"काय कळलं?" असं म्हणून आईनं खिडकीकडे तोंड केलं.

या प्रवासात कोण कुणाला फसवत होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. विहीणबाईंनी पिशवीभर सोडे बांधून दिले होते. पुढच्या रविवारी आईनं तो भात केला, त्याच्या पुढच्याही, आणि आमच्या घरात त्याला रविवारचं जेवण असंच नाव पडलं. आता माझ्या मुलीही तोच मागतात. आईचा पहिला भात जरा चिकट झाला होता, तरी वडलांनी बोटं चाटली आणि नंदाची चौकशी केली.

महिन्याभरानं आई म्हणाली, "सोडे संपले. कुणीतरी जाऊन आणायला पाहिजेत. मी येते सोबत."

मी फडताळातला डबा काढून पाहिला. तो अर्ध्याहून जास्त भरलेला होता. झाकण घट्ट लावून मी तो होता तिथे ठेवला आणि कल्याणच्या गाडीची वेळ विचारायला स्टँडवर गेलो.